जालन्याचं ‘डोळ्याचं पुस्तक’

जालन्याहून कधीकाळी डोळ्यांवरचं एक वैज्ञानिक त्रैमासिक निघत असे, असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे नीट बघतो आणि मग हळूच विषय बदलतो. जालना म्हटलं की लोकांना मोंढा, कापूस, सरकी असलं काहीतरी आठवतं. त्यात वैज्ञानिक त्रैमासिक कुठे बसवायचं हे त्यांना कळत नाही. त्यांचा दोष नाही. मी त्या त्रैमासिकाचा व्यवस्थापक होतो, आणि सुरुवातीला मलाही ते कळत नव्हतं.

व्यवस्थापक हा शब्द जरा मोठा झाला. मुद्रितं तपासणं, छापखान्यात खेटे घालणं, अंक गुंडाळून पत्ते चिकटवणं आणि ते पोस्टात नेऊन टाकणं ही सगळी कामं मीच करायचो. त्याआधी मी निजामी राजवटीत तहसिलीत उर्दू मोहरीर, म्हणजे कारकून होतो; म्हणून गावात मला मुन्शीजी म्हणत. संस्थान विलीन झालं आणि उर्दूतला कारभार आटोपला, तसा मी मोकळा झालो. इंग्रजी शाळेत बऱ्यापैकी झालं होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांना इंग्रजी वाचणारा माणूस हवा होता, एवढ्यावर माझं नशीब ठरलं.

डॉक्टर परांडेकर धर्मादाय दवाखान्यात डोळ्यांचं काम बघत. उंच, वाकलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी हे त्रैमासिक का काढलं असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, “शहरातल्या डोळ्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडच्या डोळ्याला धूळ आहे, ऊन आहे, चुलीचा धूर आहे आणि दवाखान्यापर्यंत बैलगाडीची वाट आहे. त्याच्याबद्दल कोण लिहिणार?” मग स्वतःच लिहायला बसले. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या, हैदराबादच्या, नागपूरकडच्या डॉक्टरांकडून लिहून घेऊ लागले. पुढे महाराष्ट्र होण्याच्या सुमाराला अंक बंद पडला. कारण साधंच होतं. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले आणि दुसरा संपादक मिळाला नाही.

त्याचं इंग्रजी नाव भलतंच लांब होतं. ते गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. छापखान्यापासून पोस्टापर्यंत सगळे त्याला ‘डोळ्याचं पुस्तक’ म्हणत. त्यामुळे काय काय गिऱ्हाइकं यायची! घनसावंगीचे एक शेतकरी गृहस्थ हट्टाने वर्गणीदार झाले. वर्षाने तणतणत आले. म्हणाले, “सगळे अंक मास्तरकडून वाचून घेतले. एकातबी औषध न्हाई. मंग छापता कशाला?” मी त्यांना दवाखान्यातून डोळ्यात घालायचे थेंब आणून दिले आणि समजूत काढली. ते शेवटपर्यंत वर्गणीदार राहिले, आणि दर वर्षी थेंब न्यायला यायचे. दुसरा एक सुरमेवाला होता. आपल्या सुरम्याने मोतीबिंदू विरघळतो असा लेख छापा म्हणून मागे लागला होता. डॉक्टरांनी त्याला हाकललं नाही. शांतपणे म्हणाले, “ज्यांचा विरघळला त्यांना घेऊन एका वर्षानं या.” तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

हा ‘एका वर्षानं या’ आमचा नियमच होता, आणि तो कशासाठी हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. डॉक्टर एखादं ऑपरेशन नव्या रीतीने करतो, त्याचा गुण कसा आला ते लिहितो. दुसऱ्या गावचा डॉक्टर ते वाचतो आणि तसंच करू लागतो. म्हणजे आपण चुकीचं छापलं, तर आपण कधी न बघितलेल्या माणसाचा डोळा कुठेतरी लांब जाणार. त्या काळी खेड्यापाड्यांतून सुईने मोतीबिंदू खाली पाडणारे लोक हिंडत. त्यांच्या हाताखालून उठलेल्या माणसाला त्याच दिवशी दिसायचं. सगळं गाव बघायला जमायचं. पुढच्या वर्षी तो डोळा कायमचा गेलेला असायचा, आणि सुईवालाही पुढच्या गावी गेलेला असायचा. म्हणून ऑपरेशन केलेला डोळा वर्षाने पुन्हा बघितल्याशिवाय आम्ही त्याबद्दल अक्षर छापत नसू. रोगी दवाखान्यात येत नसे, तेव्हा डॉक्टर स्वतः त्याच्या गावी जात. लढाईतून उरलेली एक जीप होती तीत ते पुढे बसत, मी मागे.

आता मुख्य गोष्ट.

तेव्हा मोतीबिंदू काढला की रोग्याला आठवडाभर उताणं झोपवत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही. खेड्यातल्या माणसाला याचीच धास्ती वाटायची. कित्येक जण ऑपरेशनला तयार व्हायचे आणि वाळूच्या पिशव्या बघून रात्रीत पळून जायचे. डॉक्टरांनी ठरवलं की रोग्याला दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचं आणि तिसऱ्या दिवशी गाडीत घालून घरी पाठवायचं. बातमी पसरली आणि दवाखान्यात गर्दी लोटली. ज्यांनी कधी ऑपरेशनचं नाव काढलं नसतं ते लोक आले. वर्षाने आम्ही गावोगाव फिरून ते डोळे बघितले. बहुतेक सगळे छान होते. डॉक्टरांनी यावर मोठा निबंध लिहिला. मी त्यांना इतकं खुशीत आधी कधी बघितलं नव्हतं. ते शीळ घालत होते.

तपासायची आमची रीत सोपी होती. रोग्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नसे, तेव्हा अक्षरांचा तक्ता निरुपयोगी. अंगणात उभं करायचं, दुसरा डोळा हाताने झाकायला सांगायचं, आणि लांबून बोटं दाखवून “किती?” म्हणून विचारायचं. केदारखेड्याच्या सोनाबाईने तर टकाटक उत्तरं दिली होती. साठीची, बारीक, ताठ कण्याची बाई. घरी मुलगा किसन आणि सून. आम्ही गेलो तेव्हा तिने आधी जेवायलाच बसवलं. धपाटे, दही, वर लोणी. डॉक्टर सहसा रोग्याच्या घरी जेवत नसत, पण तिथे त्यांचं काही चाललं नाही. जेवण झाल्यावर तिने डोळा झाकून बोटं मोजली. एकही चूक नाही.

काही महिन्यांनी तिचा दुसरा डोळाही पिकत आला आणि किसन तिला जालन्याला घेऊन आला. कंपाउंडरने त्या दुसऱ्या डोळ्यात औषध घातलं, वर कापसाची घडी ठेवून पट्टी बांधली आणि तिला बाकावर बसायला सांगितलं. बाक समोरच होता. सोनाबाई उठली आणि भिंतीला हात लावत, चाचपत, भलत्याच बाजूला चालू लागली. पाण्याच्या माठावर जाऊन आदळली.

डॉक्टर आपल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी ते बघितलं. मी त्यांच्या शेजारीच होतो.

ते तिच्याजवळ गेले, तिला धरून बाकावर बसवलं आणि पट्टी न बांधलेल्या डोळ्यासमोर बोटं धरली. “किती?” सोनाबाईने पट्टीला हात लावला. पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “साहेब, पट्टी काढा, मंग सांगते.”

“पट्टी दुसऱ्या डोळ्यावर आहे, मावशी. या डोळ्यानं सांगा. हा मी केला आहे.”

मग म्हणाली, “ह्या डोळ्यात अंधार हाय. घरी गेल्यावर महिन्याभरातच गेल्ता. गाडीत लई धक्के बसल्ते. ठणकला, पाणी आलं, अन् मंग कायबी न्हाई.”

“आणि मी आलो होतो तेव्हा?”

“बोटांच्या फटीतून दुसऱ्यानं बघितलं. तव्हा त्याला जरा दिसत होतं.”

“पण का?” डॉक्टरांचा आवाज चढला नव्हता, पण मला तो ओळखू आला नाही.

“तुम्ही माझ्या घरी जेवल्ता, साहेब. एवढ्या लांबून आल्ता. ताटावरून उठलेल्या माणसाला कसं सांगावं, की तुम्ही केलेला डोळा गेला?”

तिच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. किसन मान खाली घालून उभा होता. तो एवढंच म्हणाला, “आम्ही बी म्हटलं, पाहुण्याचं मन कशाला मोडा.”

डॉक्टरांनी त्या दिवशी तिचं ऑपरेशन केलं नाही. “थोडे दिवस थांबा,” म्हणाले, आणि मला छापखान्यात पिटाळलं.

छापखाना अब्दुलभाईंचा. लग्नपत्रिका आणि नाटकाच्या जाहिराती छापणारा. पण आमच्यासाठी त्यांनी इंग्रजी टाइप मागवला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मी पोचलो तेव्हा निबंधाचा पहिला फर्मा, म्हणजे पहिली काही पानं, छापून वाळत टाकलेला होता. थांबवा म्हटल्यावर ते उखडलेच. “अजी मुन्शीजी, छप गया सो छप गया! अब क्या धो के निकालूं?” मी त्यांना सोनाबाईची हकीकत सांगितली. ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. मग कामगाराला म्हणाले, “खोल दे, बेटा. बिलकुल खोल दे.” जुळवलेला टाइप सुटा करून पुन्हा खणाखणांत भरायला लागले. मी वर्षभर त्या निबंधामागे होतो.

मग आमची दुसरी फेरी सुरू झाली. डॉक्टरांनी काळ्या पुठ्ठ्याची एक झाकणी करवून घेतली आणि तिला दोरी लावली. ती रोग्याच्या दुसऱ्या डोळ्यावर मी बांधायची, रोग्याने हात मांडीवर ठेवायचे. आणि सगळ्यांत कठीण म्हणजे, डोळा तपासून होईपर्यंत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आधी डोळा, मग पाणी. हे वाचायला सोपं वाटतं. उन्हातून जीपने जाऊन एखाद्याच्या ओसरीवर बसावं, घरच्या बाईने तांब्या पुढे करावा आणि आपण “नको” म्हणावं, हे करून बघा. लोकांना वाटलं आम्ही जात बघतोय. एका घरी तर म्हातारा रागावून आतच निघून गेला. त्याला बाहेर आणेपर्यंत माझा घसा कोरडा पडला.

परतूरकडे आष्टीला एक पाटील होते. त्यांनी झाकणी बांधून घ्यायला साफ नकार दिला. “मला दिसून राह्यलं. लिहा तसं,” म्हणाले. डॉक्टर ओसरीवरून उठेनात. शेवटी पाटलांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, “दिसत न्हाई. पण डोळा परत आला म्हणून मी गावजेवण घातलं होतं, साहेब. आता गावाला काय सांगू? लिहून घ्या, पण बाहेर बोलू नका.” बाहेर आल्यावर त्यांनी ओसरीवरच्या मंडळींना मोठ्याने सांगितलं, “बराबर हाय डोळा!” डॉक्टरांनी मान डोलावली. रोग्याची गोष्ट रोग्याची, असं ते मला नंतर जीपमध्ये म्हणाले.

सगळेच डोळे गेले होते असं नाही. पण चांगले म्हणून लिहिलेल्यांपैकी बरेच गेले होते, आणि ते घरी जातानाच्या गाडीच्या धक्क्यांनी जखम उघडून गेले होते. कुणीही खोटेपणा म्हणून काही केलं नव्हतं. सगळे आपापल्या परीने पाहुण्याशी चांगलं वागले होते. मला याचं अजूनही हसू येतं आणि हसून झालं की वाईट वाटतं.

डॉक्टरांनी निबंध नव्याने लिहिला. माझी रीत चुकली, माझी तपासणीही चुकली, कुणी असं करू नये, आणि रोग्याचा डोळा त्याच्याच हाताने झाकू नये, असं सरळ लिहिलं. अंक उशिरा निघाला. एका मोठ्या शहरातले नामांकित डॉक्टर आमचे सल्लागार होते. ते मुद्दाम जालन्याला आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्यादेखत म्हणाले, “परांडेकर, असल्या गोष्टी आपापसात बोलायच्या असतात. छापायच्या नसतात.” त्यांनी आपलं नाव काढून घेतलं. त्यांच्यामागून आणखी काही नावं गेली. मला त्या गृहस्थांचा जो राग आला तो आजही गेलेला नाही, आणि तो घालवायची माझी इच्छाही नाही. डॉक्टर मात्र त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले.

डॉक्टरांना दुसरीच काळजी होती. सोनाबाई परत आली नव्हती. निरोप पाठवले, ती येईना. तिच्या दुसऱ्या डोळ्यावर आता पूर्ण पडदा आला असणार. एक गेलेला, एक झाकलेला. दुसरा तरी वाचण्यासारखा होता, आणि ती तो आमच्या हाती द्यायला तयार नव्हती. शेवटी आम्हीच निघालो. जाताना डॉक्टरांनी तो अंक माझ्याजवळ दिला.

किसन दारातच आडवा आला. “एक डोळा घेतलात. आता दुसरा बी न्यायला आलात का?”

आतून सोनाबाईचा आवाज आला, “येऊ दे रे. उन्हात नको ठिवू त्यांना.” ती खांबाला टेकून बसली होती. आवाजाच्या दिशेने तोंड फिरवायची आंधळ्या माणसाची सवय तिला लागली होती, ते बघून मला गलबलून आलं.

“मावशी,” डॉक्टर म्हणाले, “तुमच्या डोळ्याचं काय झालं ते मी छापलं आहे. हे मुन्शीजी वाचून दाखवतील. ऐका, आणि मग मला जा म्हणा.”

मी अंगणात उकिडवा बसलो आणि इंग्रजी ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगू लागलो. केदारखेड्याची एक बाई, वय अमुक, डोळा कसा केला, गाडीने कशी गेली, डोळा कसा गेला, आणि तपासणाऱ्याने तो चांगला आहे असं कसं लिहिलं. शेजारपाजारचे लोक जमले. किसनही येऊन बसला. माझं संपलं.

मग सोनाबाईने विचारलं, “माझं नाव हाय का त्यात?”

“रोग्याचं नाव छापत नाहीत, मावशी,” मी म्हणालो. “नंबर असतो.”

“अन् साहेबांचं?”

“त्यांचं असतं. वर. लिहिणाऱ्याचं.”

“म्हणजे डोळा माझा गेला,” ती म्हणाली, “अन् नाव साहेबांचं आलं?”

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. रोग्याचं नाव न छापणं हा सगळ्या जगातल्या असल्या अंकांचा नियम आहे, आणि आमचे डॉक्टर नियमाला किती घट्ट होते ते मी वर सांगितलंच आहे.

“नाव घातलं तर याल?” त्यांनी विचारलं.

“घाला. मंग येते.”

ती दुसऱ्याच दिवशी आली. छापून येण्याची वाट बघितली नाही. डॉक्टरांच्या शब्दावर आली. या वेळी जखमेला टाके घातले. आठवडाभर उताणं, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, किसन उशाशी. ती हूं की चूं न करता पडून राहिली. पट्टी सोडली तेव्हा डॉक्टरांनी बोटं धरली आणि तिने बरोबर सांगितली. नर्स खूश झाली. डॉक्टर झाले नाहीत. त्यांनी किसनला बाहेर पाठवून पुन्हा विचारलं, बाजू बदलून विचारलं. तिने पुन्हा बरोबर सांगितलं. तरी खोलीत आल्यावर मला म्हणाले, “ही बाई माझं मन राखण्यासाठी अंधारातसुद्धा बोटं मोजेल. हिच्या ‘दिसतं’वर मी कसा विश्वास ठेवू?” मी म्हणालो, उगाच शंका काढताय. पण ते त्यांच्या मनातून जाईना. ती घरी गेली तरी रोज एकदा तिचा विषय निघायचा.

मोतीबिंदू काढल्यावर जाड भिंगाचा चष्मा लागतो, आणि डोळा पुरता भरून आल्याशिवाय त्याचा नंबर काढता येत नाही. चष्मा तयार झाला तोवर पुढचा अंकही छापून आला होता. डॉक्टरांनी शेवटच्या पानावर, आभाराच्या मजकुरात, एक ओळ घातली होती: या विषयात आमची चूक ज्यांच्यामुळे कळली त्या केदारखेड्याच्या सोनाबाई यांचे आम्ही ऋणी आहोत. आमच्या त्रैमासिकाच्या सगळ्या आयुष्यात छापलं गेलेलं रोग्याचं ते एकच नाव.

सोनाबाई चष्मा न्यायला आली. डॉक्टरांनी तो स्वतः तिच्या कानांवर चढवला आणि बोटं धरायला हात पुढे केला. पण तिला आधी पुस्तक बघायचं होतं. मी शेवटचं पान उघडून तिच्या हातात दिलं. तिने ते जवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“कुठं हाय?”

मी ओळीवर बोट ठेवलं. ती वाकून बघत राहिली. मग तिने पान उलटलं, मागच्या निबंधावरचं डॉक्टरांचं ठळक अक्षरांतलं नाव बघितलं, हे कुणाचं म्हणून मला विचारलं, आणि परत आपल्या ओळीवर आली. तिच्या कपाळाला आठी पडली.

“हे एवढुसं?” ती म्हणाली. “साहेबांचं केवढं मोठं हाय, अन् माझं मुंगीवानी?”

डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. त्या दिवशी त्यांनी तिला बोटं मोजायला सांगितली नाहीत.